जाऊबाईचा डावा पाय

आत्याला राग यायला कारण लागत नाही, असं तबेल्यात सगळे म्हणत. हे साफ खोटं. तिला कारण लागायचंच, फक्त ते पुरवायला रोज कुणी ना कुणी तयार असायचं. कुणी खरारा करताना घोड्याच्या पोटाखालचा चिखल तसाच ठेवायचं, कुणी न घासताच बादली भरायचं, कुणी ठाणातल्या ओल्या गवतावर कोरडं गवत पसरून मोकळं व्हायचं. मग आत्याचा आवाज पहिल्या ठाणापासून चाळिसाव्यापर्यंत जायचा. माणसं दचकायची. घोडे निवांत चघळत राहायचे, कारण त्यांच्यावर ती जन्मात कधी ओरडली नव्हती.

वय छप्पन्न, पेशा मोतद्दारीचा. घोड्याला खायला घालायचं, धुवायचं, फिरवायचं आणि त्याचे पाय बघायचे. चौदाव्या वर्षी वडिलांचं बोट धरून तबेल्यात आली आणि तिथलीच झाली. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "लाथा खायला घोडे आहेत की." तिचा धाकटा भाऊ आधी जॉकी होता, आता शर्यतीचे घोडे तयार करायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याची मुलगी बोलायला शिकली ती तबेल्यातच. तिनं आत्या म्हटलं म्हणून जॉकींनी म्हटलं, नालबंदानं म्हटलं, शेवटी जनावरांचे डॉक्टरही म्हणायला लागले. एवढ्या भाच्यांची आत्या जगात दुसरी नसेल.

खरी भाची मात्र एकच. जन्मली तेव्हा वजन भरेना, पुढेही कधी भरलं नाही, म्हणून आत्यानं तिचं नाव पावशेर ठेवलं. जॉकीच्या धंद्यात कमी वजन हेच भांडवल. चोविसाव्या वर्षी पावशेरनं लहानसहान शर्यती मारल्या होत्या, पण मोठी शर्यत कुणी दिली नव्हती. मुलीच्या हाती चांगलं घोडं द्यायला मालक लोक कचरत. या वर्षी पहिल्यांदा मोठ्या शर्यतीत तिचं नाव लागलं होतं, तेही बापाच्याच तबेल्यातल्या घोडीवर.

ती घोडी म्हणजे जाऊबाई. कागदावर तिचं लांबलचक, ऐटबाज नाव होतं, ते आत्यानं एकदाही उच्चारलं नाही. शेजारच्या ठाणात आधी दाणा पडला की ही भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि मग स्वतःच्या दाण्याला अर्धा तास तोंड लावायची नाही. असं रुसणं जावेशिवाय कुणाला जमतं? पाच वर्षांची, तांबूस, मानेत ताठा असलेली घोडी. मोठ्या शर्यतीसाठी चार महिने तिची तयारी चालली होती. पहिला महिना नुसती लांबलचक चाल आणि दुडकी, म्हणजे हाडं आणि शिरा घट्ट व्हाव्यात. मग संथ धाव, मग आठवड्यातून एकदा चौखूर. धावून आली की आत्या घड्याळाकडे बघत नसे, नाकपुड्यांकडे बघायची. किती वेळात त्या फुलायच्या थांबतात, घाम पाण्यासारखा पातळ आहे की साबणाच्या फेसासारखा दाट, रात्रीचा दाणा सकाळी गव्हाणीत उरलाय का, यावरून तिला घोडं कुठवर आलंय ते कळायचं. मास्तरांकडे आता छातीला बांधायचा पट्टा होता आणि त्यातून हृदयाचे ठोके फोनवर दिसायचे. आत्या त्या पट्ट्याला नावं ठेवत नसे. "बरा आहे," म्हणायची, "पण त्याला हात नाहीत."

हात तिला होते. पहाटे रात्रीच्या पट्ट्या सोडल्या की घोड्याला ठाणाबाहेर काढायच्या आधी, पायाला पाण्याचा थेंब लागायच्या आधी, ती खाली बसायची आणि चारही पायांवरून उलटा हात फिरवायची. उलटा अशासाठी, की तळहाताला घट्टे होते, त्याला गरम-गार समजत नसे. पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली, हाडाच्या मागून एक शीर जाते, दोरीसारखी ताठ. पळत्या घोड्याचा आणि वरच्या माणसाचा सगळा भार तिच्यावर. ती शीर दुखावली की लंगडण्याच्या कितीतरी आधी गरम लागते. चाळीस ठाणं, एकशे साठ पाय, रोज. डॉक्टर चेष्टेनं म्हणायचे, "आत्या, तुमचा हात मला द्या, मी माझी पदवी तुम्हाला देतो."

शर्यतीला दहा दिवस होते तेव्हा जाऊबाईची शेवटची कडक दौड झाली. अशी दौडली की कुंपणाला टेकलेली माणसं बोलायची थांबली. पावशेर उतरली ती हसतच. मास्तरांनी घड्याळ दोनदा बघितलं आणि खिशात टाकलं. यानंतर फक्त हलकं काम, दाणा थोडा कमी आणि घोडी ताजीतवानी ठेवायची, एवढंच बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यानं डाव्या पुढच्या पायाला हात लावला आणि तिथंच थांबली. मग उजव्याला लावला. पुन्हा डाव्याला. शिरेच्या मधोमध अंगठ्याएवढी जागा गरम होती.

ती तडक भावाकडे गेली. तो सामानाच्या खोलीत रिकिबी तपासत होता.

"धाकट्या, घोडीचा डावा पाय गरम आहे."

"रात्रभर पट्टी होती ना ताई. गरम लागणारच."

"पट्टी उजव्यालाही होती. तो का नाही लागत?"

मास्तरांनी हातातली रिकीब खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "बरं. डॉक्टरांना बोलावतो. तू घोडीपाशीच थांब."

इतक्या सहज त्यानं ऐकलं म्हणून आत्याला बरं वाटलं. भाऊ शहाणा आहे असं तिला वाटलं, आणि ते वाटलं याचा राग तिला पुढे सगळ्यात जास्त आला. डॉक्टर सातला येतात. सात वाजले, साडेसात वाजले, आठ वाजले. घोडी पाय हलका ठेवून उभी. गरम पाय समोर दिसतोय आणि आपण हात बांधून बसायचं, हे आत्याला बेचाळीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. पोराला ताप आला की आई डॉक्टरची वाट बघत नुसती बसते का? कपाळावर ओली घडी ठेवतेच. आत्यानं बर्फ आणला, उंच बादली भरली, घोडीचा पाय त्यात उभा केला. वीस मिनिटं आत, वीस बाहेर, पुन्हा आत. सूज जी थोडी होती तीही उतरली.

डॉक्टर अकराला आले. पाय दाबला, वाकवला, घोडीला चालवून, दुडकून बघितलं. घोडी सरळ चालली. "आत्या, काही नाही हो. गार आहे. उजव्यासारखाच आहे."

"गार मी केलाय! पहाटे बघायला हवा होता!"

"असेल थोडा ताण. चार दिवस हलकं काम ठेवा," असं म्हणून डॉक्टरांनी कागदावर घोडी ठीक असल्याचं लिहिलं. मास्तरांनी कागदाची घडी घातली. आत्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साऱ्या तबेल्याला ती दम द्यायची, बघायच्या आधी पायाला पाणी लावलंत तर याद राखा, आणि स्वतः काय केलं? तीन तास बर्फ.

पुढचे पाच दिवस तेच. पहाटे पाय गरम, कामानंतर बर्फ, दुपारी गार. मास्तरांना पहाटे वेळ नसायचा. कधी घोडीच्या मालकांचा फोन, कधी ट्रॅकवर जायची घाई. चौथ्या दिवशी जाऊबाईनं निम्मा दाणा गव्हाणीत ठेवला, आणि शेजारणीच्या गव्हाणीकडे साधं बघितलंसुद्धा नाही. रुसायचंही विसरली होती. आत्यानं ती गव्हाण तशीच उचलून भावाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे बघ. आणि आता सोनोग्राफी कर."

"सोनोग्राफी म्हणजे पाय भादरावा लागेल, ताई. केस असले की त्या मशीनला दिसत नाही. गुडघ्यापासून खुरापर्यंत पाय भादरून घोडी शर्यतीच्या रिंगणात नेऊ? आंधळ्यालाही कळेल की पायात खोट आहे. शर्यत समितीचे डॉक्टर पहिल्या फटक्यात बाहेर काढतील."

"काढू देत."

"आणि मालक? उद्या आपली सगळी ठाणं रिकामी करून घोडे दुसरीकडे नेतील. आणि पोर? तिला असं घोडं पुन्हा कोण देणार? तू देणार?"

"पोरीसाठीच म्हणतेय मी! वर ती बसणार आहे. मी नाही, तू नाही, तुझा मालक तर नाहीच नाही."

मास्तर उठून खिडकीपाशी गेले. दोन पावलंच होती, पण त्यांची चाल कुणापासून लपायची नाही. उजवा गुडघा वाकत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी भर शर्यतीत त्यांच्या खालच्या घोड्याची हीच शीर तुटली होती. घोडा कोसळला आणि मागचे तीन घोडे मास्तरांवरून गेले. त्या घोड्याची मोतद्दार आत्याच होती. त्या दिवशी पहाटे तिनं त्या वेळच्या मोठ्या मास्तरांना सांगितलं होतं की पाय कोमट लागतोय. एकदा सांगितलं, हळू आवाजात सांगितलं. ते म्हणाले, तू लगाम धर. तिनं लगाम धरला आणि घोडा, वर बसलेल्या भावासकट, रिंगणात नेऊन सोडला. आत्या इतकी का ओरडते, असं नवी माणसं विचारायची. तिच्या ओरडण्याचं वय बरोबर एकोणीस वर्षं होतं.

हे भावाला माहीत होतं, म्हणून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला माहीत नाही त्यानं चूक केली तर त्याला चार शिव्या देता येतात. ज्याच्या स्वतःच्या पायात लोखंडी पट्ट्या आहेत त्याला काय सांगायचं?

"मी मेलो का त्यात?" खिडकीकडे तोंड करूनच मास्तर म्हणाले. "उठलोच ना? उभं केलंच ना हे सगळं?"

"उठलास. तुझ्याबरोबर तो घोडा नाही उठला."

आत्या तिथून निघाली ती पावशेरकडे. पावशेर घाम काढणारे जाड कपडे घालून, कानात गाणी लावून तबेल्यामागच्या रस्त्यावर पळत होती. शर्यतीआधी आणखी अर्धा किलो उतरवायचं होतं. सकाळपासून तिनं अर्धी काकडी खाल्ली होती आणि ओठांना भेगा पडल्या होत्या. आत्यानं सगळं सांगितलं.

"आत्या, डॉक्टरांनी बघितलं ना? पाय गार होता."

"गार होता कारण मी गार केला होता. किती वेळा सांगू?"

"मी तिच्या पाठीवर बसते ना रोज. खालून काही असतं तर मला नसतं का कळलं? उडते ती नुसती."

"उडणाऱ्यांचंच मोडतं ग. रडतखडत चालणाऱ्यांना काय होतं?"

पावशेरनं डोळे पुसले, घाम होता की काय कोण जाणे. "सहा वर्षं मी दुसऱ्यांचे मरतुकडे घोडे पळवले. सगळ्यात शेवटी यायचं आणि लोकांचं हसणं ऐकायचं. आता एक शर्यत मिळाली तर तूच आडवी येतेस? बाकीचे होतेच की आडवे यायला!" आणि ती पळत सुटली. आत्याला तिच्या मागे पळता येईना. रस्त्यातच उभी राहून तिनं भावाला, मालकाला, डॉक्टरला आणि देवाला, जो जिथं असेल तिथं, मोठ्यानं शिव्या घातल्या.

शर्यतीला चार दिवस उरले तेव्हा डॉक्टर दुसऱ्या एका घोड्याचा दात बघायला आले. आत्यानं त्यांना दाराशीच गाठलं. "त्या दिवशी सातचे अकरा कसे झाले हो तुमचे? चार तास जनावर ताटकळत ठेवलंत."

डॉक्टर बिचारे गांगरले. "ताटकळत? मास्तरांनी फोनवरच सांगितलं होतं, अकराच्या आधी येऊ नका म्हणून. सकाळी तुमची फार गडबड असते म्हणाले."

तबेल्यातल्या माणसांनी पुढे सांगितलं की त्या वेळी आत्या ओरडली नाही तेव्हाच आम्ही घाबरलो. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. तू घोडीपाशीच थांब, असं भाऊ म्हणाला होता. बर्फ लाव असं तो म्हणालाच नव्हता. म्हणायची गरजच नव्हती. लहानपणापासून तो तिला ओळखत होता. खेळताना त्याचा गुडघा फुटला तेव्हा फडकं ओलं करून धावली होती ती हीच बहीण. गरम पाय दिसला की ताईचे हात बर्फाकडे जाणारच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. तिच्या मायेचाच त्यानं बोळा करून डॉक्टरांच्या डोळ्यांत कोंबला. एकोणीस वर्षांपूर्वी तिनं नुसतं तोंड मिटलं होतं. या वेळी लपवालपवी तिच्या स्वतःच्या हातांनी झाली होती.

घोडामैदान जवळ आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची पाहणी होती. मोठ्या शर्यतीतले सगळे घोडे एका ओळीत समितीच्या डॉक्टरांपुढून चालवत नेतात, आणि ज्याची मोतद्दारी त्यानंच लगाम धरायचा असतो.

पाहणीच्या पहाटे आत्यानं पट्ट्या सोडल्या. उलटा हात लावला. गरम. बर्फाकडे ती गेली नाही, केस कापायचं मशीन घेऊन आली. घोड्यांच्या माना आणि कान नीट करायला ते ठेवलेलं असे. जाऊबाईला त्या घरघरीचा तिटकारा होता, पण त्या दिवशी ती हलली नाही. आत्यानं डावा पुढचा पाय गुडघ्यापासून खुराच्या वरपर्यंत सगळीकडून भादरला. तांबूस केस गवतावर पडले आणि खालची करडी कातडी उघडी पडली. शिरेच्या मधोमध, हाडामागे, बोटाच्या पेराएवढा फुगवटा होता. केसांत तो कुणाला दिसला नव्हता. मग तिनं घोडीला खरारा केला, आयाळ विंचरली, खूर तेलानं पुसले. जायचं तर नीटनेटकं जायचं.

मास्तर अंगणात आले तेव्हा ती फाटकातून बाहेर पडत होती. त्यांनी आधी घोडीची मान बघितली, मग पाय बघितला. ते धावले. एकोणीस वर्षांत कुणी मास्तरांना धावताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी दिसलं, वेडंवाकडं, एक पाय फेकत.

"ताई! वेड लागलंय का तुला? मागे फिरव तिला!"

"तू अकराला बोलावलंस डॉक्टरांना."

मास्तर थांबले.

"माझ्या हातून करवलंस," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज चाळिसाव्या ठाणापर्यंत गेला, त्याच्याही पलीकडे रस्त्यावर गेला. "माझ्या! एकदा मी तुला नेऊन सोडलं त्या रिंगणात. आता तुझ्या पोरीलाही माझ्याच हातांनी तिथं सोडायला लावतोस? हात लावून दाखव लगामाला. लाव ना!"

मास्तरांनी हात लावला नाही.

समितीच्या डॉक्टरांनी भादरलेला पाय दहा पावलांवरून बघितला आणि घोडी ओळीतून बाहेर घेतली. सोनोग्राफी तिथंच झाली. पडद्यावर शिरेच्या मधोमध काळा डाग होता, बारीक धागे तुटून पडलेला खड्डा. मास्तरांनी विचारलं, शर्यतीत शीर तुटलीच असती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित शेवटपर्यंत टिकली असती, कदाचित वळणावरच गेली असती. आता आठ महिने विश्रांती, रोज थोडंसं हातानं चालवणं, पुढचं पुढे बघू. मालकांनी त्याच दुपारी दोन घोडे हलवले. मास्तरांनी आत्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीच्या वेळेला आली, आणि तिला फाटकात अडवायची कुणाची छाती झाली नाही.

शर्यतीच्या दिवशी तबेला ओस पडला होता. आत्या जाऊबाईला अंगणात चालवत होती. दहा मिनिटं चालवायचं, मग थांबायचं. दूर मैदानावरून आधी कर्ण्याचा आवाज आला, मग माणसांचा, चढत गेला आणि एकदम कोसळला. कुणीतरी जिंकलं होतं. थोड्या वेळानं पावशेर फाटकातून आत आली. अंगात रोजचेच कपडे होते, कारण तिला दुसरं घोडं कुणी दिलं नव्हतं. पाहणीपासून ती आत्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आता बोलली.

"जिंकणाऱ्याची वेळ ऐकलीस? आपली घोडी यापेक्षा जोरात पळाली होती. त्या दिवशी, सरावात! मी जिंकले असते आत्या!"

"जिंकली असतीस."

"मी पडले नसते! डॉक्टर म्हणाले ना, टिकलीही असती. मी पडलेच नसते! तू माझी शर्यत खाल्लीस. आयुष्यभर मला कुणी आता घोडं देणार नाही, माहितेय तुला? तुला काय, तुला कुणाचं काय!" तिचा आवाज फाटला. असा आवाज त्या घरात याआधी एकाच बाईचा होता.

आत्यानं लगाम दुसऱ्या हातात घेतला. तिलाही रडू आलं होतं आणि त्याचाही तिला राग आला होता.

"नसती पडलीस," ती म्हणाली. "असेल. ते मला कधी कळणार नाही आणि तुलाही नाही. पण अशी दोन पायांवर उभी राहून तू माझ्यावर ओरडतेयस ना, हे मला पाहिजे होतं. ओरड. हवं तेवढं ओरड. उद्याही ये, परवाही ये. मी कुठं जात नाही."

पावशेर ओरडत राहिली. आत्या घोडीला घेऊन पुढच्या फेरीला निघाली, कारण दहा मिनिटं अजून व्हायची होती, आणि पावशेर ओरडत ओरडतच तिच्या बाजूनं चालायला लागली.